जास्वंदीची कुंडी : धंदा मातीत जाऊ नये म्हणून

थोड्या भांडवलात सुरू करता येणाऱ्या धंद्यांमध्ये कुंड्यांतील फुलझाडांचा धंदा आता चांगलाच रुळला आहे. घरालगत दोन-तीन गुंठे मोकळी जागा, पाण्याची सोय, सावलीसाठी हिरवी जाळी आणि काही शे रोपे एवढ्यावर सुरुवात होते. शहरांत फ्लॅट वाढले तशी गॅलरीत कुंडी ठेवणाऱ्यांची संख्याही वाढली. आखाती देशांतील नोकरी आटोपून परत आलेले कोकणातील तरुण, मराठवाड्यातील लहान शहरांतले सुशिक्षित बेकार, असे बरेच जण या धंद्याविषयी आमच्याकडे विचारणा करतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. रोपे कोठून आणावीत? कोणता रंग खपतो? खत कोणते घालावे? कुंडीत माती कोणती भरावी, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. माती ती काय, कोठूनही आणावी आणि भरावी, असा एक समज आहे. तो समज आमचाही होता आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे.

हकिगत अशी. पहिल्या वर्षी आम्ही दोनशे संकरित जास्वंदी आणल्या. एका ओळखीच्या शेतकऱ्याने बांधालगतची काळी माती फुकट दिली. तीत उकिरड्यावरचे शेणखत मिसळून कुंड्या भरल्या. मे-जूनमध्ये रोपे छान दिसत होती. श्रावणात झड लागली आणि पाने लोंबू लागली. झाड सुकले असे वाटून, पावसाने उघडीप दिली की आम्ही वरून आणखी पाणी घालत होतो! गणपतीपर्यंत निम्म्याहून अधिक झाडे गेली. रोपे देणाऱ्याशी आम्ही भांडलोही. पुढे एका जाणत्या माळ्याने मेलेले झाड कुंडीतून उपटून आमच्या हातात दिले. मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती, साल बोटाने सुटून येत होती आणि मातीला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. रोपांत काही खोट नव्हती. आमच्या फुकटच्या मातीने झाडे मारली होती.

जास्वंदीच्या बाबतीत ही चूक विशेष महागात पडते, याला कारण तिचा हंगाम. उर्दूत जिला गुडहल म्हणतात ती ही जास्वंद तशी बारमाही फुलते, पण आपल्याकडे फुललेल्या कुंडीला सर्वांत जास्त मागणी गणेशोत्सवाच्या सुमारास आणि त्यानंतर नवरात्रात येते. लाल फुलाला तर त्या दिवसांत भाव असतोच, शिवाय पिवळी, केशरी, दुहेरी पाकळ्यांची संकरित झाडेही हौसेने घेतली जातात. म्हणजे विक्रीचे आठवडे हे पावसाळ्याचे आठवडे, आणि कुंडीतल्या जास्वंदीला सर्वांत मोठा धोका असतो तोही याच आठवड्यांत. ज्याची माती जुलै-ऑगस्टमध्ये टिकली त्याच्याकडे भाद्रपदात माल असतो.

वाफसा हा शब्द लक्षात ठेवावा

शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर जादा पाणी खाली निघून जाते, माती ओलसर राहते, पण तिच्या कणांमधील पोकळीत पुन्हा हवा भरते, त्या स्थितीला वाफसा म्हणतात. झाडाची मुळे पाणी पितात तशीच श्वासही घेतात. पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या तर मुळांना प्राणवायू मिळत नाही. ती गुदमरतात आणि मग मूळकुजीची बुरशी त्यांवर बसते. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीत उभे असलेले झाड तहानेल्यासारखे मान टाकते. मान टाकलेले झाड दिसताच मातीत बोट घालून पाहावे. माती ओली आणि पाने लोंबलेली असतील तर पाणी घालणे हे विष घालण्यासारखे आहे.

शेतात वाफसा येतो कारण खाली चार-सहा फूट, कधी त्याहूनही खोल माती असते आणि ती वरचे पाणी खाली ओढून घेते. कुंडीला खाली तळ आहे. तेथे ओढून घेणारे कोणी नाही. कुंडीला भोके कितीही असली तरी तळाशी पाण्याचा एक थर मातीच्या कणांना धरून राहतोच. माती जितकी बारीक तितका हा थर उंच. याची खात्री करून घ्यायची असेल तर घरातला एक लांबट स्पंज पाण्यात पूर्ण भिजवावा आणि तळहातावर आडवा धरावा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करावा. पुन्हा पाण्याची धार लागते! स्पंज तोच आणि भोकेही तीच, फक्त उंची वाढली. पसरट, उथळ कुंडी अधिक ओली राहते आणि उंच कुंडी अधिक कोरडी, ते याच कारणाने.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते आणि ती सांगितली की जुने माळी आमच्यावर रागावतात. कुंडीच्या तळाशी खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर द्यावा म्हणजे पाणी झटकन निघते, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. प्रत्यक्षात बारीक मातीतून पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच अडते. म्हणजे ओला थर होता तसाच राहतो, फक्त तो तळावरून उचलला जाऊन मुळांच्या अधिक जवळ येतो. दहा इंची कुंडीत दोन इंच खडी घालणे म्हणजे आठ इंची कुंडी वापरणे होय. भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही. तेवढे पुरे. विटांचे तुकडे वाया घालवू नयेत; ते बारीक करून मातीत मिसळले तर मात्र खरोखर उपयोगी पडतात.

कोणती माती घ्यावी

महाराष्ट्रात माती जिल्ह्याजिल्ह्याला बदलते, त्यामुळे पुण्यातल्या पुस्तकातले प्रमाण परभणीला चालेलच असे नाही.

कोकण आणि घाटमाथ्यावरची जांभ्याची लाल माती जास्वंदीला मानवते. ती किंचित आंबट असते, तिच्यात लोह असते आणि पाणी ती बऱ्यापैकी सोडते. जास्वंदीला मातीचा सामू, म्हणजे पीएच, सहा ते सातच्या दरम्यान लागतो, आणि कोकणातली माती साधारणतः त्याच आसपास किंवा थोडी खाली असते. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगर या भागांतली काळी माती कापसाला उत्तम. कापूस आणि जास्वंद ही खरे तर एकाच कुळातली झाडे, भेंडी आणि अंबाडीही त्यांच्याच नात्यातली. तरीही कापसाची माती कुंडीतल्या जास्वंदीला चालत नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि हवेच्या पोकळ्या बंद करते. सुकली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते, मधला गोळा कोरडाच राहतो. त्यातून तिचा सामू बहुधा साडेसातच्या वर असतो आणि तीत चुनखडी असते. अशा भागात राहणाऱ्यांनी लाल माती विकत आणावी. ती मिळतच नसेल तर काळी माती मिश्रणात पाचवा हिस्सा, याहून अधिक घेऊ नये.

काळ्या मातीत वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते, हाही एक भ्रम आहे. थोडी वाळू आणि पुष्कळ चिकणमाती एकत्र केली की गिलावा तयार होतो, भुसभुशीत माती नव्हे. वाळूचे प्रमाण निम्म्याहून पुष्कळ वर गेल्याशिवाय फरक पडत नाही आणि तोपर्यंत कुंडी दोघांनाही उचलत नाही.

तलावातल्या गाळाबद्दलही विचारले जाते. २०१७ साली राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली तेव्हापासून धरणांतला गाळ शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू लागला. हलक्या, मुरमाड शेतीला तो वरदानच आहे. पण गाळ म्हणजे मातीचे सर्वांत बारीक कण, आणि कुंडीत आपल्याला नेमके तेच नको असतात. शहरात इमारतींच्या पायाची माती फुकट टाकून दिली जाते, तीही घेऊ नये. तिच्यात सिमेंट आणि चुना असतो.

माती पारखायला दोन घरगुती उपाय आहेत. मूठभर माती ओली करून मळावी आणि अंगठा व तर्जनी यांच्यात दाबत तिची पट्टी काढावी. पट्टी दोन-तीन सेंटिमीटरवर तुटली तर ती पोयट्याची, कामाची माती. पाच सेंटिमीटरच्या पुढेही न तुटता लोंबत राहिली तर ती चिकणमाती, सोडून द्यावी. दुसरा उपाय स्वयंपाकघरातल्या सिरक्याचा. चमचाभर सुक्या मातीवर थोडा सिरका टाकावा. फसफसून बुडबुडे आले तर चुनखडी आहे असे समजावे. अशा मातीत गंधक घालून सामू उतरवण्याच्या खटपटीत पडू नये. चुनखडी संपेपर्यंत गंधक पुरत नाही. जास्त माल भरायचा असेल तर माती आणि विहिरीचे पाणी या दोहोंची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. बऱ्याच कृषी विज्ञान केंद्रांत ती सोय आहे आणि खर्च एका कुंडीच्या विक्रीहून फार नसतो.

घमेल्याचे माप

इंग्लंडमध्येही पूर्वी प्रत्येक माळ्याची मातीची स्वतःची गुप्त कृती असे आणि प्रत्येक झाडाला वेगळी माती लागते असे मानले जाई. १९३० च्या दशकात जॉन इनेस संस्थेतील लॉरेन्स आणि न्यूवेल या दोघांनी प्रयोग करून एकच प्रमाण ठरवले. सात भाग पोयट्याची माती, तीन भाग पीट, दोन भाग भरड वाळू. माती वाफेने निर्जंतुक करून घ्यायची. त्या एका प्रमाणावर बहुतेक सर्व झाडे वाढतात हे त्यांनी दाखवले, आणि ते मिश्रण त्या संस्थेच्या नावाने आजही विकले जाते. त्यांचे प्रमाण त्यांच्या हवेचे आहे. आपल्याकडे जुलैत जो पाऊस कोसळतो त्यासाठी मिश्रण याहून बरेच मोकळे हवे. पण माप ठरवून, दर वेळी तेच मिश्रण करण्याची त्यांची शिस्त मात्र उचलण्यासारखी आहे. ‘अंदाजाने घातले’ असे म्हणणाऱ्याच्या दोन कुंड्या सारख्या वाढत नाहीत, आणि मग बिघाड कशाने झाला हेही कळत नाही.

आम्ही घमेल्याने मोजतो. दोन घमेली लाल माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत, एक घमेले धुतलेले कोकोपीट आणि एक घमेले भरड माल. भरड माल म्हणजे ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढे विटांचे तुकडे, चाळलेली जाड वाळू किंवा भाताचे तूस, जे जवळ स्वस्त मिळेल ते. बारीक वाळू नको, ती पोकळ्या बुजवते. कोकणात, भंडारा-गोंदियाकडे भातगिरण्यांमुळे तूस मुबलक मिळते आणि ते वजनाला हलके असते. मात्र ते वर्ष-दोन वर्षांत कुजून बसते. विटांचा तुकडा जड पडतो पण टिकतो. जळके तूसही चालते, पण त्यात राखेचा खारेपणा असल्याने ते अर्धेच घ्यावे. जेथे पाऊस अतोनात आहे, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्ग किंवा महाबळेश्वरच्या बाजूला, तेथे भरड माल दोन घमेली करावा. या मिश्रणात दर घमेल्यामागे मूठभर निंबोळी पेंड घातली तर मुळांवरच्या किडींना थोडा आळा बसतो.

शेणखताविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण आमचे अर्धे नुकसान त्यानेच केले होते. अर्धकच्चे शेणखत कुंडीत कुजू लागते तेव्हा गरम होते, मातीतला नत्र आणि प्राणवायू खाते, आणि त्याबरोबर हुमणीची अंडी-अळ्या येतात त्या वेगळ्याच. पांढरी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली ही अळी मुळे कुरतडते. चांगले कुजलेले खत काळसर, भुसभुशीत असते, त्याला पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातीचा वास येतो आणि मुठीत दाबून सोडले की ते मोकळे होते. शेणाचा वास येत असेल तर ते खत अजून तयार नाही.

कोकोपीटच्या बाबतीत फसगत होते ती मिठाची. नारळाच्या सोडणात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, आणि स्वस्त विटा पुष्कळदा न धुताच दाबलेल्या असतात. पाच किलोची वीट पाण्यात टाकली की फुगून साठ-सत्तर लिटर भुसा होतो. तो दोन-तीन पाण्यांत धुऊन, पिळून घ्यावा. पहिले पाणी गडद चहासारखे येते, शेवटचे फिकट यायला हवे. कोकोपीट पाणी धरते हा त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष. वरून सुकलेले दिसते आणि खाली चिंब असते. म्हणूनच ते पाचव्या हिश्श्याच्या पुढे नेऊ नये. ‘वजन हलके होते’ म्हणून निम्मे कोकोपीट भरलेल्या कुंड्या बाजारात पुष्कळ दिसतात. त्या दुकानात छान दिसतात, गिऱ्हाइकाच्या घरी पावसाळ्यात कुजतात.

मिश्रण जमले की नाही हे पाहायला एक सोपी परीक्षा आहे. पाच लिटरच्या डब्याला तळाशी भोके पाडावीत आणि ती बुचाने किंवा चिकटपट्टीने बंद करावीत. डबा मिश्रणाने भरून हलकेच आपटून बसवावा. मग हळूहळू पाणी घालत माती काठोकाठ भिजवावी आणि तासभर तशीच ठेवावी. नंतर भोके उघडून निथळलेले सर्व पाणी एका भांड्यात धरून मोजावे. जेवढे पाणी निघाले तेवढी जागा आता हवेने घेतली. पाच लिटरमधून पाऊण ते सव्वा लिटर निघाले तर मिश्रण उत्तम. अर्ध्या लिटरपेक्षा कमी निघाले तर ते पावसाळा काढणार नाही, आणखी भरड माल घालावा. आमच्या पहिल्या वर्षीच्या मातीचा उरलेला ढीग आम्ही असा मोजून पाहिला तेव्हा जेमतेम दीड वाटी पाणी निघाले होते.

हिशेब

चांगली माती महाग पडते, ही तक्रार नेहमी ऐकू येते. तेव्हा हिशेब मांडूनच पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत, ज्याने त्याने आपल्या गावचे भाव घालावेत. समजा रोप ६० रुपयांना, कुंडी ४० रुपयांना, साधी माती १५ रुपयांची आणि खत, पाणी, मजुरी मिळून १५ रुपये. एकूण १३०. विक्री १८० ला. दर कुंडीमागे ५० रुपये सुटतात. आता झाड मेले तर कुंडी तेवढी परत मिळते, बाकीचे ९० रुपये गेले. म्हणजे एक झाड मेले की जवळजवळ दोन झाडांचा नफा बुडतो. शंभरातली तीस झाडे पावसाळ्यात गेली तर सत्तर झाडांचा नफा ३५००, त्यातून बुडीत २७०० वजा, हाती उरले ८०० रुपये.

हेच मातीवर दर कुंडीमागे दहा रुपये जास्त खर्चले तर नफा पन्नासाचा चाळीस होतो. पण मर तिसांवरून पाचांवर आली, तर पंचाण्णव झाडांचे ३८०० रुपये येतात आणि पाच झाडांचे प्रत्येकी १०० प्रमाणे ५०० जातात. उरले ३३००. मातीत घातलेल्या हजार रुपयांनी अडीच हजार जास्त मिळवून दिले. मेलेल्या झाडाबद्दल गिऱ्हाइकाशी होणारी हुज्जत यात धरलेली नाही.

माती राखावी लागते

माती एकदा भरली की काम संपले असे होत नाही. कुंडीतली माती दर महिन्याला बदलत असते.

पहिली गोष्ट पाण्याची. रोज सकाळी सगळ्या कुंड्यांवर नळी फिरवणे ही सवय सोडावी. बोटाचे एक पेर मातीत घालावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे, आणि द्यावे तेव्हा खालून निथळेपर्यंत द्यावे. सरावलेला माळी कुंडी किंचित कलती करून वजनावरून ओळखतो. उन्हाळ्यात एखादी कुंडी अगदी सुकून माती भिंतीपासून सुटली असेल तर वरून पाणी घालण्यात अर्थ नाही. कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी. पावसाळ्यात कुंड्या जमिनीवर टेकवू नयेत. खाली दोन-दोन विटा द्याव्यात, म्हणजे भोके मोकळी राहतात. बशा तर काढूनच टाकाव्यात.

दुसरी गोष्ट क्षारांची. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या मातीवर आणि काठावर पांढरा थर जमतो. त्या पाण्याने चांगल्या लाल मातीचाही सामू हळूहळू वर चढतो. पाने टोकाकडून करपू लागतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात. महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत. दहा इंची कुंडीत सात-आठ लिटर माती असते, तिला पंधरा लिटर पाणी लागेल. पावसाचे पाणी साठवता आले तर याहून उत्तम काही नाही. कळ्या गळण्याला दुसरीही कारणे असतात, तीव्र उन्हाळा, पाण्याची ओढाताण, पिठ्या ढेकूण. मातीवर मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या ढेकूण किंवा मावा कोठेतरी आहेच असे समजून फांद्यांचे बेचके आणि पानांच्या मागची बाजू तपासावी.

पिवळ्या पानांचा अर्थ मात्र नीट लावावा लागतो. खालची जुनी पाने एकेक करून पिवळी पडून गळत असतील तर फारसे घाबरण्याचे कारण नाही. नत्र कमी पडले असेल किंवा पाणी जास्त झाले असेल. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले तर तो केवडा होय. झाडाला लोह मिळत नाही. बहुतेक वेळा मातीत लोह असते, पण खारेपणामुळे ते अडकून पडलेले असते. लोक अशा वेळी हिराकस घालतात. चुनखडीच्या मातीत हिराकसही लवकरच अडकते. चिलेट केलेले लोह मिळते, त्यातही ईडीडीएचए प्रकारचे लोह खाऱ्या मातीत टिकते, ईडीटीए प्रकारचे टिकत नाही. दुकानदार दोन्ही पाकिटे ‘चिलेटेड’ म्हणूनच देतो, तेव्हा पाकिटावरचे नाव वाचून घ्यावे.

स्फुरदाचा मारा हाही केवडा आणतो. फुले यावीत म्हणून डीएपी, सुपर फॉस्फेट, हाडांचे खत मूठमूठ घालण्याची पद्धत आहे. जास्वंदीला स्फुरद कमी लागते आणि जादा झालेले स्फुरद लोहाला अडवते. तिला पालाश अधिक लागते. वाढीच्या दिवसांत १३:०:४५ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांनी, आणि तीन-चार महिन्यांनी वरून ओंजळभर गांडूळ खत, एवढ्यावर झाड सुखाने फुलते. खत नेहमी ओल्या मातीत द्यावे.

तिसरी गोष्ट, माती खाली बसते. शेणखत, कोकोपीट, तूस हे सर्व कुजणारे पदार्थ आहेत. ते कुजले की पोकळ्या मिटतात आणि जे मिश्रण पहिल्या वर्षी लिटरभर पाणी सोडत होते ते दुसऱ्या पावसाळ्यात निम्मेही सोडत नाही. कुंडीत माती काठापासून तीन-चार बोटे खाली गेलेली दिसली की वरून नवी माती टाकून वेळ मारून नेण्यापेक्षा झाड काढून माती बदलावी. दीड-दोन वर्षांनी हे करावेच लागते. थंडी सरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये केलेले बरे. झाडाला नवी मुळे फोडायला उन्हाळा मिळतो आणि पाऊस येण्याआधी ते बसते. मुळांच्या गोळ्याचा बाहेरचा चौथा हिस्सा धारदार सुरीने छाटावा, वरच्या फांद्याही त्याच मानाने छाटाव्यात. कलमी झाड असेल तर कलमाचा सांधा मातीच्या वर राहील याकडे लक्ष द्यावे. संकरित जास्वंदी पुष्कळदा काटक देशी खुंटावर बांधलेल्या असतात, सांधा गाडला गेला की खुंटाचा फायदाच निघून जातो.

काढलेली जुनी माती फेकू नये. मूळकुजीने मेलेल्या झाडाची माती तेवढी बाजूला ठेवावी, ती पुन्हा कुंडीत जाता कामा नये. बाकीची माती चाळून, ओली करून, एप्रिल-मेच्या उन्हात पारदर्शक प्लास्टिकखाली वीतभर थरात चार ते सहा आठवडे झाकून ठेवली की तापून बऱ्याच बुरशा आणि तणांचे बी मरते. मग ती नव्या मिश्रणात लाल मातीच्या जागी निम्म्यापर्यंत वापरता येते.

अलीकडे आम्ही प्रत्येक कुंडीबरोबर गिऱ्हाइकाला हाताने लिहिलेली एक चिठ्ठी देतो. तिच्यावर तीनच ओळी आहेत. बोट घालून माती कोरडी लागली तरच पाणी घाला. पावसाळ्यात खालची बशी काढून ठेवा. पाने लोंबली आणि माती ओली असेल तर पाणी बंद करा, कुंडी पावसातून आडोशाला घ्या आणि आम्हांला कळवा.